अर्धे वचन

बालमित्रांनो, तुम्हीसुद्धा आजी-आजोबांजवळ येऊन बसा बरं.

कोकणात आपल्या शेजारी मुसलमानांची घरे असत. त्यांच्यातले कोणी मुंबईहून बोटीने जेद्दाहला, हजला निघाले की निरोपाला सारी आळी लोटायची. परत आले की खजूर आपल्याही घरी पोचायचे. त्यामुळे मक्का आपण पाहिली नसली, तरी ते नाव आपल्या कानाला परके नाही.

त्याच मक्केत २० नोव्हेंबर १९७९ रोजी पहाटेच्या नमाजनंतर एक भयंकर गोष्ट घडली. हिजरी सन १४०० चा तो पहिला दिवस. जुहैमान अल-ओतैबी नावाच्या माणसाने शेकडो हत्यारबंद साथीदारांसह मोठी मशीद ताब्यात घेतली आणि दरवाजे बंद केले. आत हजारो भाविक होते. महदी आला आहे, असे त्याने जाहीर केले. आपण जशी मशियाहची वाट पाहतो, तशी पुष्कळ मुसलमान महदीची पाहतात. हा महदी कोण? तर जुहैमानचाच मेहुणा, मोहम्मद अब्दुल्ला अल-कहतानी!

जुहैमानकडे धर्मग्रंथांतले दाखले होते. महदीचे नाव पैगंबरांसारखे असेल, काबाजवळ लोक त्याला मान्यता देतील, त्याच्यावर चालून आलेले सैन्य जमीन गिळून टाकील, असे सारे परंपरेत आहे. नाव जुळले, जागा जुळली. मात्र त्या पवित्र जागी रक्त सांडू नये, हेही त्याच धर्मात सांगितले आहे. तिथे शिकारसुद्धा करता येत नाही. कुराणातल्या एका वचनाच्या एका भागात तिथे लढायला मनाई आहे आणि पुढच्या भागात, कोणी तिथे तुमच्यावर हल्ला केला तर प्रतिकाराची मुभा आहे. जुहैमानने ती मनाई बाजूला ठेवली. सरकारने उलेमांना विचारले, तेव्हा त्यांनी हेच वचन पुढच्या भागासकट वाचून सैन्याला परवानगी दिली.

दोन आठवडे लढाई चालली. जमिनीने सैन्य गिळले नाही. तो महदी पहिल्या काही दिवसांतच मारला गेला. शेकडो माणसे मेली. जानेवारी १९८० मध्ये जुहैमानसह ६३ जणांना देहदंड झाला.

वाचकहो, हे दुसऱ्यांच्या घरातले झाले. आता आपल्या घरातले पाहू. १९६२ साली इथल्या रब्बानुतने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करायला सांगितले. पूर्वी कोकणात काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले असतील का, ही शंका! शास्त्रातला घटस्फोटाचा कायदा पुढे आला. पण सर्व यहुदी कुटुंबे मुळात निर्दोष धरावीत, हेही शास्त्रच सांगते, ते मागे पडले. किती ठरलेली लग्ने अडली, ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपली माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहोत असे जाहीर केले.

आणि आम्ही स्वतः? आई-बापाचा मान राखा, हे आम्ही मुलांना उठता-बसता ऐकवतो. वायिक्राच्या १९व्या अध्यायात आई-बापाचा धाक बाळगायला सांगणारे वचन आहे. त्याच वचनात पुढे शब्बाथ पाळायला सांगितले आहे. दोन्ही एकत्र का? आई-बापाने शब्बाथ मोडायला सांगितले तर ऐकू नये म्हणून, असा अर्थ आपल्या ज्ञानी लोकांनी लावला. हा दुसरा अर्धा भाग आम्ही मुलांना कधी सांगत नाही. सोयीचा नाही ना!

तर बालमित्रांनो, कोणी वचन सांगून तुम्हाला काही करायला लावले, तर तीन प्रश्न विचारा. हे कोण बोलतो आहे? कोणाला? आणि याच्या मागे-पुढे काय लिहिले आहे? एक कोडेही घ्या. देव नाही, असे म्हणणारे शब्द तेहिलीमच्या १४व्या अध्यायात आहेत. ते कोण म्हणतो, ते पुस्तक उघडून शोधा आणि या शब्बाथला जेवताना सर्वांना सांगा.

शब्बाथ शालोम!