चार भिंतींतील खेळाडू

क्रिकेटच्या धावसंख्या तोंडपाठ असणारीं मुलें आज घरोघर आढळतात. परंतु अमेरिकेंतील फुटबॉलची गोष्ट निघाली कीं तींच मुलें गोंधळून जातात. त्या खेळाचें नांवच फसवें आहे. तेथील चेंडू लंबगोल असून तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळविला जातो. याच खेळाचें एक बंदिस्त भावंड आहे. जिम फॉस्टर नामक गृहस्थानें १९८१ सालीं न्यूयॉर्क येथें छपराखालचा एक सामना पाहतां पाहतां हातांतील लखोट्यावर त्याचा आराखडा काढला, व १९८७ पासून त्याचे सामने सुरू झाले. मैदान अवघें ५० यार्डांचें. अकरांऐवजीं आठ गडी. कडेला गाद्या लावलेल्या भिंती. आणि गोलखांबांच्या दोहों बाजूंस जाळीं, ज्यांवर आपटून परतलेला चेंडूही खेळांतलाच.

या खेळांतून पुढें आलेला कर्ट वॉर्नर १९७१ सालीं आयोवा प्रांतांत जन्मला. महाविद्यालयांत शेवटच्या वर्षापर्यंत तो राखीव गडीच होता. १९९४ सालीं ग्रीन बे पॅकर्स या मोठ्या संघानें त्यास सरावास बोलाविलें आणि हंगामापूर्वींच निरोप दिला. पोटासाठीं त्यानें सीडर फॉल्स येथील वाणसामानाच्या एका दुकानांत रात्रपाळी धरली. ताशीं साडेपांच डॉलर वेतनावर तो फळ्यांवर डबे रचून ठेवी. शिकलेला मुलगा अशा कामावर दिसला म्हणजे पाहुणे कोणत्या स्वरांत चौकशी करतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. घरचेंही ओझें थोडें नव्हतें. ज्या स्त्रीशीं १९९७ सालीं त्याचा विवाह झाला, ती दोन मुलांची माता होती, व त्यांतील मुलाची दृष्टि तान्हेपणींच्या अपघातानें जवळजवळ गेली होती. १९९६ सालीं तिचे आईबाप वादळांत दगावले. वॉर्नरनें दोन्ही मुलांस दत्तक घेतलें. आमच्या कित्येक भगिनींस त्याच्या खेळापेक्षां हीच गोष्ट अधिक मोलाची वाटेल.

१९९५ ते १९९७ हीं तीन वर्षें तो डे मॉइन येथील आयोवा बार्नस्टॉर्मर्स या बंदिस्त संघांत खेळला. हा संघही फॉस्टरनेंच काढलेला. येथें चेंडू फेकणाऱ्यास विचार करावयास अवधि मिळत नाहीं. समोरचे गडी क्षणांत अंगावर येतात, आणि अरुंद मैदानांत फट दिसते न दिसते तोंच बुजते. पाहणें, ठरविणें आणि फेकणें हीं तिन्ही कामें एकाच श्वासांत. १९९६ व १९९७ या दोन्ही वर्षीं संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व दोन्ही वेळां हरला.

ॲमस्टरडॅम येथें एक हंगाम काढून तो सेंट लुईसच्या रॅम्स संघांत राखीव म्हणून आला. १९९९ च्या ऑगस्टांत मुख्य गडी ट्रेंट ग्रीन याचा गुडघा दुखावला, आणि अठ्ठावीस वर्षांच्या या अपरिचितावर संघ सोंपविण्यांत आला. आदल्या वर्षीं सोळांपैकीं चारच सामने जिंकणाऱ्या त्या संघानें आतां तेरा जिंकले. ३० जानेवारी २००० रोजीं अटलांटा येथें टेनेसीच्या संघाशीं अंतिम सामना झाला. १६–१६ अशी बरोबरी, दोन मिनिटें शिल्लक, आणि प्रतिपक्षाचा गडी अंगावर आदळत असतांच वॉर्नरनें चेंडू फेकला. त्या एका फेकीनें ७३ यार्ड व विजय मिळाला! तरी शेवटच्या क्षणीं टेनेसीचा गडी रेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावर अडविला गेला, म्हणून तें यश टिकलें.

वाण्याचा गडी एका रात्रींत अजिंक्यवीर झाला, ही कथा वर्तमानपत्रांस फार रुचली. आम्हांस ती अर्धवट वाटते. गाद्यांच्या भिंतींमधलीं तीन वर्षें तींतून अगदीं गळून पडतात.

पुढें दुखापती झाल्या, जागा गेली, संघ बदलले. २००९ सालीं ॲरिझोनाच्या संघास त्यानें पुन्हां अंतिम सामन्यापर्यंत नेलें, परंतु तेथें २७–२३ असा पराभव झाला. २०१० च्या जानेवारींत तो निवृत्त झाला. २०११ सालीं बंदिस्त खेळाच्या व २०१७ सालीं मोठ्या खेळाच्या सन्मानमंदिरांत त्याचें नांव लागलें. दोन्हींत स्थान मिळविणारा पहिला खेळाडू तोच. फॉस्टरची मूळ संस्था मात्र २००९ सालींच दिवाळखोरींत निघाली होती.