टिक काढा, मगच फाइल पाठवा

विंडोज १० आणि ऑफिस २०१६, २०१९ यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दिवाळीच्या आगेमागे वरच्या कचेऱ्यांत नवी मशिने आली, गावात जुनीच राहिली, आणि या दोघांमध्ये ये-जा करणाऱ्या एक्सेलच्या फाइलींनी मान टाकली. उमरखेड, ढाणकी, मुळावा, विडूळ, पलीकडे हदगाव. पत्रे कुठलीही असोत, रडगाणे एकच. शीट उघडते, बटण दाबले की ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’, आणि कर्सर जाऊन थांबतो तो ‘लेफ्ट’ नाहीतर ‘फॉरमॅट’वर. एका वाचकाने तर विचारले आहे, मायक्रोसॉफ्टने लेफ्ट फंक्शन बंद केले का? नाही केले. टूल्समध्ये जाऊन रेफरन्सेस उघडा. यादीत ‘मिसिंग’ लिहिलेली एक ओळ टिकसकट बसलेली दिसेल. एक लायब्ररी सापडली नाही की व्हीबीए रोजच्या फंक्शनांनाही ओळख दाखवत नाही, आणि खापर भलत्याच्याच डोक्यावर फुटते.

कारण बहुतेकांना ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवतो. रेफरन्समध्ये लायब्ररीचा जीयूआयडी, आवृत्ती आणि पाथ साठतो. एक्सेलचा जीयूआयडी वर्षानुवर्षे तोच आहे, आवृत्ती तेवढी सरकते. म्हणजे गट नंबर जुना, फेरफार नवा. ऑफिस २००७ ला १२.०, २०१० ला १४.०, २०१३ ला १५.० आणि २०१६ पासून आजपर्यंत १६.०. जुनी फाइल नव्या ऑफिसात उघडली की आउटलुक, वर्ड यांचे रेफरन्स आपोआप वर चढतात. तिथे सेव्ह करून ती जुन्या मशीनवर परत आणली, तर ते खाली उतरत नाहीत. एक्सेलच्या मॅक्रोत एक्सेलची स्वतःची लायब्ररी सुटते, कारण यजमान तोच. ॲक्सेसमधून एक्सेल हाकणाऱ्यांना तीही सूट नाही. शिवाय १६.० दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. २०१६ आणि ३६५ दोघांचाही आकडा १६.०, पण एक्सलुकअप २०१६ मध्ये नाही. रेफरन्स शाबूत आणि कोड आडवा, असाही प्रकार होतो.

इथवर तांत्रिक भाग झाला. तो तासाभरात सुटतो. सुटत नाही तो वरून आलेला नमुना.

तुमच्यापैकी अनेकांनी कळवलेला प्रकार असा. कचेरीकडून खातेदारांच्या यादीसाठी एक शीट येते. तिच्यात दोन बटणे: ‘तपासा’ आणि ‘सादर करा’. ‘सादर करा’ म्हटले की आउटलुकमधून मेल जाते, म्हणून शीट तयार करणाऱ्याने आउटलुक १६.० च्या लायब्ररीवर टिक लावलेली. सोसायटीच्या मशीनवर ऑफिस २०१०, आणि आउटलुक घातलेलेच नाही. फाइल व्हॉट्सॲपवरून मेलवर, मेलवरून पेनड्राइव्हवर फिरत आलेली. सूचनापत्रात लिहिलेले असते, ‘मॅक्रो इनेबल करावेत’. ज्यांच्याकडे नवे ऑफिस आहे त्यांना पिवळी पट्टी दिसतच नाही. नेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून थेट अडवले आहेत. लाल पट्टी येते आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक लावावी लागते. सूचनापत्र लिहिणाऱ्याला याचा पत्ता नाही. त्याने नमुना उघडला तो स्वतःच्या मशीनवर, फाइल जिथे जन्मली तिथेच.

ही लढाई जिंकून बटण दाबले की ‘कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल’. मॉड्यूल हिडन, कारण प्रोजेक्टला पासवर्ड. पासवर्ड असल्यामुळे रेफरन्सेसची यादी उघडत नाही, म्हणजे एक टिक काढली की चालेल ही गोष्ट माहीत असूनही ऑपरेटरने हात बांधून बसायचे. कचेरीत फोन केला, तर उत्तर ठरलेले: नमुना एजन्सीने केला, पासवर्ड आमच्याकडे नाही, एजन्सीचे कंत्राट संपले. मग काय करायचे? यादी प्रिंट करा, सही-शिक्का मारा, स्कॅन करून पाठवा. तिकडे दुसरा ऑपरेटर ती स्कॅन समोर ठेवून पुन्हा एक्सेलमध्ये टाइप करतो, आणि आठवड्याभरात आपल्याला स्मरणपत्र येते: सॉफ्ट कॉपी विहित नमुन्यात सादर न केल्यास जबाबदारी आपली राहील.

काही नमुन्यांत आणखी गंमत असते. चूक सापडली की मेसेज बॉक्स येतो आणि त्यात नुसती प्रश्नचिन्हे. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी पेलत नाही. कोडमध्ये ‘उमरखेड’ लिहिले की सहा प्रश्नचिन्हे उरतात. मराठी मजकूर सेलमध्ये ठेवून तिथून उचलायचा, नाहीतर सीएचआरडब्ल्यूने एकेक अक्षर बांधायचे, हे शिकाऊ पोरालाही माहीत असते. ज्याने हा नमुना मंजूर केला त्याने एकदाही चुकीची नोंद टाकून बटण दाबून पाहिलेले नाही, एवढेच त्या प्रश्नचिन्हांवरून सिद्ध होते.

आणि फाइल एक्सएलएस. २००७ पासून एक्सएलएसएक्स आहे, तरी एक्सएलएस. ६५,५३६ ओळींच्या पुढे ती जात नाही. तालुक्याच्या याद्या एकत्र करून जिल्ह्याची शीट बनवणाऱ्याने याचे भय बाळगावे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या मोजणीतून कोरोनाचे १५,८४१ रुग्ण याच मर्यादेपायी गळाले होते. गळालेल्या ओळींबद्दल कोणी ओरडले नाही, कारण त्या कोणाला दिसल्याच नाहीत. आपल्याकडे गळणारी ओळ एखाद्या शेतकऱ्याचे खाते असते, आणि तो ओरडायला येतो तो आपल्याच टेबलापुढे.

केंद्राने २९ जून २०२२ ला ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. मशिने येतील, सॉफ्टवेअर येईल. पण माहिती मागवणारी शीट एकदा गावातल्या मशीनवर उघडून बघायला कोणती योजना लागते?

आता घरची धुणी. कचेरीला बोल लावणाऱ्या आपल्या सभासदांनी अडत दुकानांना, पतसंस्थांना, शाळांच्या पगारपत्रकांना करून दिलेल्या शीटा काय लायकीच्या आहेत? त्यातही मिसिंग आहेच. वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ टाकून ते झाकलेले. व्हीबी ६ चा आधार २००८ मध्ये संपला, तरी त्याच प्रोग्रामवर दुकान चालवणारे आहेत आणि त्यातल्या काहींकडे सोर्सही उरलेला नाही. ६४ बिट ऑफिस आल्यावर जुने कॅलेंडर कंट्रोल बंद पडणार, डिक्लेअरमध्ये पीटीआरसेफ लागणार, हे आम्ही कितीदा लिहायचे? व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून जाणार असे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच सांगितले. व्हीबीस्क्रिप्टच्या रेजएक्स्प लायब्ररीवर टिक लावून आधार क्रमांक तपासणाऱ्या शीटा किती जणांनी उघडून पाहिल्या? नव्या ३६५ मध्ये रेजएक्स्प व्हीबीएतच आले आहे. २०१६ वाल्या गिऱ्हाइकाचे काय, ते तुम्हीच बघायचे.

करायचे ते असे. कोड लिहिताना लायब्ररी जोडा. सूचना येतात, चुका लवकर कळतात. द्यायची वेळ आली की टिक काढा आणि सगळी नाती क्रिएटऑब्जेक्टवर आणा. व्हेरिएबल नुसते ऑब्जेक्ट. लायब्ररी गेली की तिचे स्थिरांकही जातात, म्हणून ते आपण लिहून ठेवायचे: एक्सएलअप म्हणजे उणे ४१६२, एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करायला ५१. वर ऑप्शन एक्स्प्लिसिट नसेल तर एक्सएलअप गुपचूप शून्य होतो आणि १००४ ची चूक शोधण्यात रात्र जाते. टिक ठेवायचीच असेल तर गिऱ्हाइकाकडच्या सर्वांत जुन्या ऑफिसवर बांधा. डॉटनेटवाल्यांनी एम्बेड इंटरॉप टाइप्स ‘ट्रू’ ठेवावे आणि टास्क मॅनेजरमध्ये अनाथ एक्सेल उरत नाही ना, तेही बघावे. सर्व्हरवर माणसाविना एक्सेल चालवू नका, हे खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. नुसती एक्सएलएसएक्स फाइल तयार करायची असेल तर क्लोज्डएक्सएमएल किंवा पायथनचे ओपनपायएक्सएल घ्या. त्यांना मशीनवर एक्सेल लागतच नाही.

सरकारी नमुन्याचे कुलूप फोडायचे उपाय नेटवर पडलेले आहेत. त्या वाटेला जाऊ नका. फोडलेल्या नमुन्यात उद्या आकडा चुकला तर दोषी तुम्ही. त्याऐवजी एकेकट्याने फोन करणे थांबवा आणि तालुक्यातल्या सगळ्या ऑपरेटरांनी सह्या करून एकच अर्ज द्या. मागण्या तीनच. नमुना मॅक्रोविना एक्सएलएसएक्समध्ये द्यावा. तपासणीला डेटा व्हॅलिडेशन पुरते. मॅक्रो लागलाच तर बाहेरच्या लायब्ररीवर टिक नसावी आणि पासवर्ड कचेरीच्या दप्तरी असावा. नमुना पाठवण्याआधी गावातल्या एका सोसायटीत चालवून पाहावा. अर्जाला आवक क्रमांक घ्या. महिन्यात उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा: नमुना कोणी तयार केला, पासवर्ड कोणाच्या ताब्यात आहे, चाचणी कोणत्या मशीनवर झाली.

मार्चअखेरच्या गर्दीत यातले काही होणार नाही. म्हणून याच आठवड्यात कपाटातल्या प्रत्येक प्रोजेक्टचे रेफरन्सेस उघडा, यादी कागदावर उतरवा आणि ती गिऱ्हाइकाच्या फाइलीत लावा. ज्याला जमत नाही त्याने शेजारच्या ऑपरेटरला बोलवावे. या धंद्यात लाजून कोणाचेच भले झालेले नाही. अर्जाची प्रत आणि आलेले उत्तर आमच्याकडे पाठवा. दोन्ही याच पानावर छापू, उत्तर आले नाही तर रिकामी जागा ठेवून छापू.