हाताला लागणारी ओल

ऑक्टोबर सरत आला की सास्तूरच्या शिवारातील सोयाबीन मळून पोत्यांत भरलेले असते. लोहारा तालुक्यातील हे गाव 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने सर्वदूर ठाऊक झाले. त्याचा नित्याचा संसार मात्र शेतमालावर चालतो. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतील माल सकाळी उमरगा किंवा लातूरच्या आडतीवर पोहोचतो. आडत्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर दाणे चोळतो आणि म्हणतो, “माल ओला आहे.” या तीन शब्दांवर भाव ठरतो. ते दर वेळी खरे असतात काय?

ओलावा जाणणारे स्वतंत्र इंद्रिय माणसाच्या त्वचेत नाहीच. स्पर्श, दाब, उष्णता, थंडी व वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके त्वचेत आहेत. ओल ओळखणारे एकही नाही. झुरळाच्या मिशांना हवेतील दमटपणा थेट कळतो, माणसाला तो अंदाजाने ताडावा लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खेचली जाते. म्हणून पाणी लागताच त्वचा निवते. त्याच वेळी ते त्वचेला चिकटते व तिच्यावरून ओघळते. गारवा आणि हा विशिष्ट स्पर्श एकत्र आले की मेंदू निकाल देतो: ओले.

पाठशाळेत स्पर्शाचे आठ प्रकार पाठ केलेल्यांना आठवेल की हलका-जड, मऊ-कठीण, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष या यादीत ‘ओला’ नाही. स्निग्धाचा रोख चिकटपणाकडे आहे, पाण्याकडे नव्हे. यावरून पूर्वजांना मज्जाशास्त्र ज्ञात होते असे सिद्ध करण्याची घाई कोणी करू नये. पण यादी मोठ्या चौकस नजरेने केली आहे, एवढे खरे.

1900 साली बेंटली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बोटावर पातळ रबरी आवरण चढवून ते पाण्यात बुडवावयास लावले. पाण्याचा थेंबही त्वचेला लागला नाही, तरी बोट ओले झाल्याची जाणीव झाली. 2014 मध्ये इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की सारखाच ओलावा असला तरी थंड वस्तू उबदार वस्तूपेक्षा अधिक ओली वाटते. हा प्रयोग घरीही होतो. हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवावा, मग कोमट पाण्यात. हिवाळ्यात सांजवेळी दोरीवरून काढलेले धोतर सुकले की नाही, यावरून घरात वाद होतो तो याच कारणाने.

आडतीवर हा वाद पैशांचा होतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. खरेदीची ओलाव्याची मर्यादा एरवी 12 टक्के; त्या वर्षी केंद्र सरकारने ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली. या तीन टक्क्यांचा हिशेब मांडावा. 15 टक्के ओलीच्या 100 किलो मालात कोरडा अंश 85 किलो. तोच माल 12 टक्क्यांवर सुकविला तर वजन 96.59 किलो भरते. फरक 3.41 किलो, म्हणजे हमीभावाने क्विंटलमागे सुमारे 167 रुपये. पन्नास क्विंटलच्या मालावर ही रक्कम आठ हजारांवर जाते. गार दाण्यांना हात फसला तर ती शेतकऱ्याच्या पदरातून जाते.

उलट फसगत व्यापाऱ्याची होते. ओल्या मालाची थप्पी लागली की दाण्यांचा श्वसनवेग वाढतो, बुरशी धरते आणि ढीग आतून तापतो. तापलेले दाणे अननुभवी हाताला कोरडे वाटू शकतात. मुरलेला मुनीम मात्र ती ऊब लागताच थप्पी मोडावयास सांगतो. तो दाणा दाताखाली फोडून आवाजही ऐकतो, आणि ही परीक्षा निव्वळ स्पर्शापेक्षा भरवशाची आहे, कारण तिथे प्रश्न गारव्याचा नसून दाण्याच्या कठीणपणाचा असतो.

ओलावा मोजण्याचे यंत्र विजेच्या गुणधर्मावर चालते. विद्युतक्षेत्राला पाणी कोरड्या धान्याहून कितीतरी अधिक प्रतिसाद देते, त्यावरून टक्केवारी काढली जाते. पण हा प्रतिसादही तापमानानुसार बदलतो. म्हणून चांगल्या यंत्रात तापमानाची दुरुस्ती असते, आणि ती नसेल तर पहाटेचा गार नमुना लगेच न मोजता सावलीत थोडा वेळ ठेवावा लागतो. नमुनाही वरच्या थरातून घेऊ नये. तेथे रात्रीचे दव खरोखरच पडलेले असू शकते. पोत्याच्या मध्यातून तीन-चार ठिकाणचे दाणे काढून, एकत्र करून, दोघांच्या देखत मोजावेत.