कुलूप कुणाचे?

बा. सी. मर्ढेकर 20 मार्च 1956 रोजी वारले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे मोजायची. म्हणजे 1 जानेवारी 2017 पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कवितांवर कुणाचीही मालकी उरलेली नाही. हा हिशेब शाळकरी पोरगाही करील. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मात्र तो अजून जमलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तिथे 'काही कविता'ची 1947 ची प्रत पाहावयास गेलो होतो. प्रत जीर्ण, म्हणून हाती मिळेना. ते योग्यच. परंतु तिची पाने संगणकात उतरवून ठेवली आहेत असे कळले, म्हणून तीच दाखवा म्हटले. टेबलापलीकडचे गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, कॉपीराइट आहे." कुणाचा? "ते वर विचारावे लागेल." वर विचारले, तर वरच्यांनी आणखी वर बोट दाखविले. त्याहून वर स्वतः मर्ढेकरच असावेत!

त्या गृहस्थांवर मी रागावलो नाही. भीती नेहमी वरूनच झिरपत येते.

लेखकाने मग खावे काय, असे कुणी विचारील. मीही लिहितो, हयात लेखकाचा पैसा बुडविणाऱ्याची मी कधीच बाजू घेणार नाही. पण येथे लेखक नाही, मुदत नाही, दावेदारही नाही. आहे ते फक्त कुलूप. नव्या संपादकाची प्रस्तावना त्याच्या मालकीची असेल, तर ती खुशाल झाकून ठेवा.

विद्यापीठांना कुलपाची हौस जुनीच. रवींद्रनाथ 1941 साली गेले. तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या नियमाने 1991 अखेर त्यांचे वाङ्मय मोकळे व्हायचे होते. हक्क होते विश्वभारतीकडे, म्हणजे एका विद्यापीठाकडेच. आयत्या वेळी मुदत साठ वर्षांची झाली, आणि ती एकट्या रवींद्रनाथांपुरती नव्हे. त्याच 1941 च्या डिसेंबरात आमचे भा. रा. तांबे गेले होते. शांतिनिकेतनाशी काडीचा संबंध नसता तेही दहा वर्षे कोंडले गेले!

उलट, जिथे विद्यापीठ ताठ उभे राहिले तिथे काय झाले? दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या छायाप्रतींच्या एका दुकानावर आणि खुद्द विद्यापीठावर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारख्या मातब्बर प्रकाशकांनी दावा लावला. सप्टेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरातल्या अपिलातही अध्यापनासाठी प्रती काढण्याचे तत्त्व टिकले, आणि 2017 साली प्रकाशकांनी दावा सोडून दिला. तो वाद तर चालू हक्कांच्या पुस्तकांचा होता. आमच्या ग्रंथालयाला संपलेल्या हक्कांचे भय वाटते! जपणुकीसाठी संगणकात प्रत ठेवण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालयांना 2012 च्या दुरुस्तीने दिलीच आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय सार्वजनिक नव्हे असे म्हणणारा एखादा वकील निघेलही. पण मर्ढेकरांसाठी त्याला फी मोजण्याचे कारणच नाही.

ग्रंथसूचीत पुष्कळदा लेखकाच्या नावापुढे मृत्यूचे साल असते. एका कारकुनाने आठवडाभर बसून त्यात साठ मिळवीत जावे, आणि मुदत संपलेली पुस्तके नुसत्या पानांच्या चित्रांत नव्हे, तर शब्द शोधता येईल अशा अक्षरांत लोकांपुढे ठेवावीत, एवढेच मी मागितले. अर्ज श्रावणापासून त्या कचेरीत पडून आहे. त्यावर मर्ढेकरांच्या मृत्यूची तारीख मी तांबड्या शाईने लिहिली आहे.