लिहून नेलेलं परत आणायचं कोणी?

हळद काढणीचे दिवस होते. अर्धापूरजवळच्या एका वाडीत बचत गटाची बैठक संपल्यावर मी माहितीचे फॉर्म भरून घेत होते. घर कोणाच्या नावावर, जमीन कोणाच्या नावावर, मजुरी किती, हे आपले नेहमीचेच प्रश्न. साठीच्या एक मावशी म्हणाल्या, "माय, मागं एक पोरगी आलती. असंच समदं लिहून नेली. पुन्हा आलीच नाही."

मी म्हटलं, "तिचं पीएच.डी.चं काम असेल, मावशी."

"असंल की. पण तिला काय घावलं ते आमाला सांगाय पाहिजे का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याच आठवड्यात मी स्वतः पीएच.डी.च्या प्रवेशाची चौकशी करून आले होते.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मला दहा वर्षं झाली. घरचे म्हणतात, आता या वयात कशाला? सहकारी म्हणतात, तू पुस्तकात डोकं घातलंस तर गावातलं काम कोण करणार? डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही संशोधकांच्या शिष्यवृत्तीच्या चर्चेत, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं होतं. त्यावर गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. पण मावशींचाही प्रश्न जवळपास तोच आहे. फरक एवढाच की तो विचारण्याचा हक्क मावशींना आहे.

मैत्रिणींनो, अभ्यासाला आपण कमी लेखू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे गावोगावी माहीत होतं. 2019 मध्ये शासनाच्या समितीने पाहणी केली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. आकडा पुढे आल्यावर ती "बायकांची कुजबुज" राहिली नाही. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या 505 बायकांचा अभ्यास केला. नवरा गेल्यावरही 40 टक्के जणींना शेतीवर हक्क मिळाला नव्हता. तहसीलदारासमोर बसताना असा कागद हातात असणं आणि नसणं यातला फरक आपल्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, यातलं एकही काम पीएच.डी.साठी झालेलं नव्हतं. मग पदवी हवीच कशाला?

मला वाटतं, हवी. आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण 1936 साली मुंबईत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सुरू झालं. पहिले संचालक अमेरिकन होते, पद्धतीही बऱ्याचशा तिकडच्या होत्या. केसवर्क, ग्रुपवर्क आम्ही पाठ केलं. पण केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईवर एक धडा आम्हाला नव्हता. अभ्यासक्रम कोण ठरवतं? संशोधनाचा विषय "योग्य" की "अयोग्य" हे कोण सांगतं? ज्यांच्याजवळ ही पदवी आहे ते. पीएच.डी.शिवाय मार्गदर्शक होता येत नाही, प्राध्यापकीच्या वरच्या पायऱ्या चढता येत नाहीत. त्या खुर्च्यांवर गावात काम केलेल्या बायका बसल्या नाहीत तर आपण कायम फॉर्म भरून देणाऱ्याच राहू.

पण ही वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, म्हणून नोंदणीसाठी आता औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) गाठावं लागत नाही. अंतर कमी झालं, वेळ मात्र वाढला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि बायकांना त्यावर आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा आहे. या सवलती लढूनही घ्याव्यात. पण भाकरी, पोरं, सासूचं दुखणं उरकून रात्री अकराला वही उघडणारीला नुसती वर्षं वाढवून काय मिळतं? तिला दिवसाचे दोन तास हवेत. ते घरातून आणि संस्थेतून यायला हवेत.

दुसरी अडचण मार्गदर्शकाची. माझी एक मैत्रीण एका सहीसाठी दिवसदिवस व्हरांड्यात बसली आहे, सरांच्या घरच्या कार्यात पंगती वाढून आली आहे. अशी एकाच माणसाच्या हाती सगळी दोरी असली की त्रास कुठवर जाईल याला धरबंध नसतो. लैंगिक छळाविरुद्ध आयोगाचे 2015 चे नियम आहेत आणि संशोधक विद्यार्थिनीही त्यांत येते. प्रवेशाच्या दिवशीच अंतर्गत समितीत कोण आहे ते विचारून ठेवा. विचारण्यात लाज नाही.

आता थोडं आपल्याच संस्थांविषयी. अर्धवेळ पीएच.डी.साठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. बायकांच्या शिक्षणावर शिबिरं घेणाऱ्या आपल्या संस्था आपल्याच कार्यकर्तीला ते पत्र देताना का कचरतात? आठवड्याचा एक दिवस पगारी अभ्यासासाठी दिला, तर संस्थेचंच काम पक्कं होतं.

मी अर्ज भरते आहे. विषय ठरवला आहे: अर्धापूर तालुक्यातल्या हळद-केळीच्या शेतीत राबणाऱ्या बायका आणि त्यांचा जमिनीवरचा हक्क. स्वतःला दोन अटी घातल्या आहेत. प्रबंध विद्यापीठात देण्याआधी त्यातलं म्हणणं त्या त्या गटात मराठीत वाचून दाखवायचं. बायकांनी "हे असं नाही" म्हटलं तर ते नोंदवायचं. आणि प्रबंधाची सोपी मराठी पुस्तिका त्या वाडीत पोचवायची.

मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू, येतीस का." त्यांना माझ्यावर विश्वास ठेवण्याचं अजून काही कारण नाही.

तुमच्या भागात कोणी असा अभ्यास केला असेल आणि तो परत आणला असेल, तर अंकासाठी जरूर लिहा. आणि परत आला नसेल तर तेही लिहा.