बुरशी सापडली, पण विषाणूही असू शकतो

फुप्फुसातल्या बुरशीवर उपचार सुरू आहेत. औषध कितपत लागू पडले हे पाहायला सीटी स्कॅन काढला, तर त्यात विषाणूजन्य न्यूमोनियाच्याही खुणा! ना ताप, ना खोकला वाढलेला. असे होऊ शकते का? हो. 2020 मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात इतर आजारांसाठी स्कॅन काढलेल्या, कोविडची लक्षणे नसलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसांत कोविडच्या खुणा दिसल्या होत्या.

दोन्हींची चित्रे वेगळी असतात. क्षयरोगाने पडलेल्या जुन्या पोकळीत ॲस्परजिलस बुरशी वाढली, तर आत गोळा आणि कडेला हवेची चंद्रकोर दिसते. विषाणूमुळे बहुधा दोन्ही फुप्फुसांत दुधी काचेसारखे धूसर डाग पडतात. पण बुरशीच्या गाठीभोवतीही असे धूसर वलय असू शकते. म्हणजे स्कॅन शंका दाखवतो, जंतूचे नाव सांगत नाही. त्यासाठी पीसीआर, थुंकी आणि रक्ताच्या तपासण्या लागतात.

हे ओळखणे महत्त्वाचे, कारण उपचार एकमेकांच्या आड येऊ शकतात. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तारते. तेच बुरशीला मोकळे रान देऊ शकते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने हे आपल्या देशाला दाखवून दिले.

म्हणून एवढे करा: जुने स्कॅन आणि रिपोर्ट दर वेळी सोबत न्या. ‘यात नवीन काय आहे?’ असे डॉक्टरांना विचारा. घरात कोणी आजारी असेल तर सांगा. साखर सांभाळा. आणि घरात उरलेले स्टेरॉइड मनाने कधीही घेऊ नका.