थंडी दोघांनाही वाजते

नोव्हेंबर उजाडला की आपल्या शनिवारच्या वर्गात पालकांमध्ये दोन विषय हमखास निघतात. एक फुटबॉलचा आणि दुसरा थंडीचा. (फुटबॉल म्हणजे आपण मैदानावर अनवाणी खेळायचो तो नव्हे, इथला लांबट चेंडूचा!) या दोन्ही विषयांना जोडणारे एक वाक्य दरवर्षी ऐकू येते. "पाहुण्या संघाचे काही खरे नाही, त्यांना कुठे या थंडीची सवय!" हेच वाक्य थोडे बदलून मुलांच्या बाबतीतही येते. "आपल्या मुलांना कुठे या थंडीची सवय!" यंदा तर पालकांच्या बैठकीत तशी रीतसर सूचनाच आली आहे, की डिसेंबर ते मार्च मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर खेळायला सोडू नये. ही सूचना मंजूर होण्यापूर्वी तिच्या मुळाशी असलेली समजूत तपासून पाहावी, असे आम्हाला वाटते. आम्ही पेशाने इंजिनियर, त्यामुळे सवयीप्रमाणे आकड्यांपासून सुरुवात करतो.

थंडीचा खेळावर परिणाम होतो, यात वाद नाही. घरात २० अंश सेल्सियसला चेंडूत हवा भरली आणि दाब दर चौरस इंचाला १३ पौंड ठेवला, तर उणे १७ अंशांत तोच दाब साडेनऊ पौंडांवर येतो. बारावीच्या पदार्थविज्ञानातला वायूचा नियम वापरून मुलांनी हे गणित घरी करून पाहावे. (बाहेरच्या हवेचा १४.७ पौंड दाब मिळवायला विसरू नये!) त्याच वेळी बाहेरची हवा सुमारे १४ टक्क्यांनी दाट होते. मऊ पडलेला चेंडू आणि दाट हवा, म्हणजे लाथ मारलेला चेंडू कमी लांब जाणार. बोटे गार पडली की स्पर्श कळेनासा होतो आणि चेंडू हातातून निसटतो. जमीन गोठली की पाय घसरतो. सगळे खरे. पण आमचा प्रश्न असा, की हे सगळे फक्त पाहुण्यांनाच होते काय? चेंडू, हवा आणि जमीन यांना कोण यजमान आणि कोण पाहुणा हे कळत नाही.

"पण आकडे सांगतात ना, की बादफेरीत थंड गावी जाणारे संघ जास्त हरतात!" असे आमचे एक मित्र म्हणतात. हरत असतीलही. पण बादफेरीचा सामना कुणाच्या मैदानावर होतो? ज्याची कामगिरी हंगामात जास्त चांगली त्याच्या! म्हणजे यजमान हा बहुतेक वेळा मुळातच वरचढ संघ असतो. शिवाय घरचा संघ आपल्या बिछान्यात झोपून येतो, पाहुणा विमानाने येतो. आपल्या या देशात तर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत घड्याळात साडेचार तासांचा फरक पडतो. त्यात हजारो प्रेक्षकांचा गलका असतो तो वेगळाच. हे सगळे आधी वजा केल्याशिवाय उरलेले श्रेय थंडीला कसे देणार?

अमेरिकेतल्या टँपा बे संघाची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. फ्लोरिडातला हा संघ १९७६ मध्ये सुरू झाला. तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या खाली असताना खेळलेले पहिले सगळे २१ सामने हा संघ हरला. वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. उन्हातली माणसे, थंडीत गारठणारच! पण हाच संघ सुरुवातीचे सलग २६ सामने हरला होता, आणि त्यातले बरेचसे फ्लोरिडाच्या उबदार हवेत, स्वतःच्या घरी! पुढे संघ चांगला झाला. डिसेंबर २००२ मध्ये त्याने शिकागोला हरवून ती थंडीची साडेसाती संपवली, जानेवारी २००३ मध्ये फिलाडेल्फियात जाऊन २७-१० असा विजय मिळवला आणि त्याच महिन्यात सुपर बोलही जिंकला. फ्लोरिडाची हवा तीच होती, संघ बदलला होता.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट ग्रीन बेची. विस्कॉन्सिनमधला हा संघ घरच्या मैदानावर बादफेरीचा एकही सामना कधी हरला नव्हता. ४ जानेवारी २००३ रोजी अटलांटाचा संघ तिथे गेला. हा संघ घरी छताखाली खेळणारा, दक्षिणेतला. बर्फ पडत असताना त्याने ग्रीन बेला २७-७ असे हरवले.

या ग्रीन बेचेच १९६७ चे नाव थंडीच्या बाजूने नेहमी पुढे केले जाते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंशांत तिथे डॅलसचा संघ खेळला आणि २१-१७ असा हरला. मैदान गरम ठेवण्यासाठी जमिनीखाली घातलेली विजेची यंत्रणा ऐनवेळी बंद पडली आणि मैदानाचा बर्फ झाला. टेक्सासमधून आलेले खेळाडू, मग दुसरे काय होणार? पण सामन्याचा तपशील पाहा. डॅलस आधी १४-० असे मागे होते. त्याच थंडीत त्यांनी १७-१४ अशी आघाडी घेतली, आणि ग्रीन बेला विजय मिळाला तो अगदी शेवटच्या काही सेकंदांत. जी थंडी पाहुण्यांना संपवते, ती त्यांना इतका वेळ पुढे कशी राहू देईल? मात्र या सामन्यात एक गोष्ट शिकण्यासारखी घडली असे सांगतात. डॅलसचा बॉब हेज, म्हणजे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला १०० मीटरचा सुवर्णपदक विजेता, ज्या खेळीत चेंडू त्याच्याकडे येणार नसे त्या खेळीत हात पँटमध्ये घालून उभा राही. ग्रीन बेने ते हेरले. हेज थंडीपेक्षाही आपल्या खिशामुळे अडचणीत आला म्हणायचा!

आता आपल्या घरचे, म्हणजे कॅनडाचे पाहू. ग्रे कपचा अंतिम सामना कुठे व्हायचा हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे बऱ्याचदा दोन्ही संघ पाहुणेच असतात. प्रयोग म्हणून हे फार सोयीचे आहे.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी विनिपेगला उणे १७ अंशांत सामना झाला. ग्रे कपचा हा सर्वांत थंड सामना समजला जातो. एका बाजूला कॅल्गरी, उघड्या मैदानावर वाऱ्यात आणि बर्फात खेळणारा संघ. दुसऱ्या बाजूला टोरांटो, स्कायडोमच्या छताखाली खेळणारा. थंडीच्या सवयीचा सिद्धांत खरा असता तर टोरांटोने जाण्याचे कष्टच घ्यायला नको होते. प्रत्यक्षात टोरांटो ३६-२१ असे जिंकले. त्यांच्या रघीब इस्माइलने, ज्याला सगळे 'रॉकेट' म्हणत, एक किकऑफ ८७ यार्ड पळत नेऊन टचडाउन केला. २०१७ मध्ये ओटावाला भर हिमवर्षावात पुन्हा हेच दोन संघ भेटले आणि पुन्हा टोरांटोच जिंकले, २७-२४.

सर्वांत बोलका सामना मात्र २७ नोव्हेंबर १९७७ चा, मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममधला. आधीच्या मंगळवारी खूप बर्फ पडला होता. तो वितळावा म्हणून मैदानावर मीठ टाकले, आणि वितळलेले पाणी सामन्याच्या दिवसापर्यंत गोठून मैदानाची काच झाली. समोर एडमंटनचा संघ. थंडीची सवय म्हणाल तर मॉन्ट्रियलपेक्षा एडमंटनला जास्तच असेल. पण मॉन्ट्रियलच्या टोनी प्राउडफूट या खेळाडूला एक युक्ती सुचली. त्याने स्टेपल गन घेतली आणि बुटांच्या तळव्यांत स्टेपल ठोकले. सहकाऱ्यांनीही तेच केले. बर्फावर त्यांचे पाय टिकले, एडमंटनचे घसरले. मॉन्ट्रियल ४१-६ असे जिंकले.

त्याच सामन्यातल्या डॉन स्वीटची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. हा मॉन्ट्रियलचा किकर. दोनच वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, कॅल्गरीच्या कडाक्याच्या थंडीत याच एडमंटनविरुद्ध अगदी शेवटी १९ यार्डांवरून मारायचा सोपा फील्ड गोल हुकला होता आणि मॉन्ट्रियल ९-८ असे, एका गुणाने, हरले होते. त्याच स्वीटने १९७७ च्या त्या बर्फावर एक नाही, दोन नाही, सहा फील्ड गोल मारले! माणूस तोच आणि प्रतिस्पर्धीही तोच, आणि थंडी दोन्ही वेळा होती.

ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांच्यासाठी क्रिकेटचे उदाहरण. १९७४ च्या जूनमध्ये मँचेस्टरच्या थंडीपावसात आपले फलंदाज कुडकुडत होते. त्या कसोटीत सुनील गावसकरांनी १०१ आणि ५८ धावा केल्या. ते तर मुंबईचे, स्वेटरला पाहुणा समजणाऱ्या गावचे! भारत तो सामना हरला आणि पुढे लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद झाला हे खरे. पण मुंबईच्या एका मुलाला त्या हवेत शतक करता आले, हेही तितकेच खरे.

आता शरीरशास्त्र काय म्हणते ते थोडक्यात. उन्हाची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत चांगली होते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो. थंडीची सवय शरीराला तशी फारशी होत नाही. फरक पडतो तो मुख्यतः हातांत. १९६० च्या सुमारास क्वेबेकमधले शास्त्रज्ञ जॅक लब्लां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गास्पेच्या कोळ्यांचा अभ्यास केला. वर्षानुवर्षे गार पाण्यात हात घालणाऱ्या या कोळ्यांना थंड पाण्याचा त्रास इतरांपेक्षा कमी होत होता. त्यांच्या हातांना ही सवय कामाने लागली होती. म्हणजे जन्म एडमंटनचा असो की इचलकरंजीचा, थंडीत वावरल्याशिवाय हात तयार होत नाहीत. उरलेली तयारी कपड्यांची आणि अकलेची.

म्हणूनच मधल्या सुट्टीची ती सूचना आम्हाला पटत नाही. मुलांना सवय नाही म्हणून बाहेर सोडायचे नाही, आणि बाहेर सोडायचे नाही म्हणून सवय होणार नाही. आमच्या कामात याला न संपणारा लूप म्हणतात, आणि तो प्रोग्राम कुणी चालवू देत नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बोलायला हवी. "आपल्या मुलांना" असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ही मुले इथे पाहुणी आहेत असे आपण नकळत त्यांना सांगतो. आपण पाहुणे म्हणून आलो हे खरे. आपल्यापैकी कित्येकांनी पहिला हिवाळा मुंबईहून आणलेल्या स्वेटरवर काढला. पण आपली बहुतेक मुले इथे जन्मली आहेत. त्यांच्यासाठी हे घरचे मैदान आहे. शाळेच्या संघाची निवड चालू असताना आपला मुलगा किंवा मुलगी "आई म्हणते मला थंडी सोसत नाही" असे सांगून घरी येते, तेव्हा तिच्या हातून नुसता एक खेळ जात नाही. वर्गातली मित्रमंडळी जातात, आणि आपण इथले नाही ही समजूत मनात घट्ट होते. मराठी वर्गाने तरी त्या समजुतीत भर घालू नये.

थंडीशी उगाच झुंज घ्यावी असे मात्र आमचे म्हणणे नाही. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ पर्यंत खाली गेले की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही हाच आहे, की तापमान उणे २५ च्या खाली किंवा वाऱ्यासह उणे २८ किंवा त्याखाली गेले तर मुलांना घरातच ठेवावे. तिथे आमची हट्टाची बाजू नाही.

तेव्हा बैठकीपुढे आमची उलट सूचना अशी. त्या मर्यादेपर्यंत दर शनिवारी वीस मिनिटे मुलांनी बाहेर खेळावे. मर्यादा ओलांडली की आत कॅरम आहेच. कानटोपी आणि बोटे एकत्र ठेवणारे मिटन प्रत्येकाकडे असावेत, पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा ते जास्त ऊब देतात. आतून सुती कपडे नकोत, ते घामाने ओले होऊन अंगाला चिकटतात. जे विसरतील त्यांच्यासाठी वर्गाच्या कपाटात कानटोप्या आणि मिटन यांची एक पेटी ठेवू. लहान झालेले पण चांगल्या स्थितीतले असतील ते पुढच्या शनिवारी घेऊन या. आणि बाहेर लक्ष ठेवायला दर आठवड्याला दोन पालक लागतील. पहिल्या शनिवारसाठी आमचे नाव लिहून घ्यावे. दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे.